शब्दचर्चा: सप्टेंबरात हरणाची शिंगं ‘गळतात’ का?

मॅडिसन, विस्कॉन्सिन (प्रश्न माझा):
आमचे शेजारी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. इथे तो मोसम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. बंदुकीचे नऊ दिवस नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. पण हे गृहस्थ ऑगस्टपासूनच रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन सोयाबीनच्या बांधावर. त्यांच्या गप्पांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका वाक्यात अडकले आहे. ते सांगतात की सप्टेंबरच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नर ‘व्हेल्वेट शेड’ करतात आणि मग ‘बॅचलर ग्रुप’ फुटतो. मी लिहिलं, ‘नरांची मखमली शिंगं गळतात आणि ब्रह्मचाऱ्यांचा कळप विखुरतो.’ आईने फोनवर ऐकलं आणि विचारलं, कुठल्या मठातली हरणं गं ही?

पुणे:
आईंना माझा नमस्कार सांगा. ब्रह्मचर्य हे व्रत झालं, ह्या नरांनी काही व्रत घेतलेलं नाही. आपल्याकडे ‘सडा’ आहे की! सडाफटिंग माणूस म्हणतो त्यातला. ‘सड्या नरांची टोळी.’ कळप म्हटलं की माद्या-पिल्लं डोळ्यांपुढे येतात, म्हणून टोळी.

चंद्रपूर:
टोळी झकास. पण ताई, शब्दाआधी घटना दुरुस्त करा. सप्टेंबरात शिंगं गळत नाहीत. वाढत्या शिंगावर कातडं असतं, वर बारीक लव, आत रक्तवाहिन्या. दिवस लहान होऊ लागले की नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं, शिंग टणक हाड होतं, रक्तपुरवठा थांबतो आणि कातडं सुकतं. मग तो झुडपांवर, कोवळ्या झाडांवर शिंगं घासत सुटतो. बहुतेकदा एका दिवसात काम उरकतं. मधल्या वेळात चिंध्या लोंबत असतात, शिंगं रक्ताने लाल दिसतात आणि ते कातडं पुष्कळदा तो स्वतःच खाऊन टाकतो. आख्खी शिंगं गळतात ती पुढे हिवाळ्यात. इंग्रजीने दोन्हीला ‘शेड’ म्हटलं म्हणून आपण का फसायचं? मराठीत शिंग गळतं आणि कातडं सोलून निघतं. मी लिहीन, ‘नरांनी शिंगं सोलली.’

सोलापूर:
मग आमच्या नान्नजच्या माळावरचं काळवीट? ते कधी शिंगं सोलताना पाहिलं नाही.

चंद्रपूर:
दिसणारही नाही. काळवीट कुरंग, गाई-बकऱ्यांच्या कुळातलं. त्याचं शिंग म्हणजे हाडावरची पोकळ टोपी, फांद्या नाहीत, गळणंही नाही. चितळ-सांबराचं भरीव, फांद्यांचं आणि दरवर्षी नवं. मराठीत दोन्ही ‘हरीण’ आणि दोन्ही ‘शिंग’, तिथे मात्र आपला शब्द तोकडा पडतो. ‘मृगशृंग’ सुचवतात, पण दिवाळी अंकात ते वाचताना जीभ अडखळेल. शिवाय चितळाला असा सप्टेंबरही नसतो. ताडोबात एकाच कळपात एकाचं शिंग मखमली, शेजारच्याचं टणक असं सर्रास दिसतं. तुमच्यासारख्या दूर उत्तरेकडच्या मुलुखात दिवसाची लांबी फार बदलते, म्हणून तिकडचे नर एका सुरात वागतात.

मॅडिसन:
बापरे, वाचले! आता पुढचं. ते म्हणतात, मोसम उघडला की पंधरवड्यातच ‘पॅटर्न’ बिघडतो. ऑगस्टभर ठरल्या वेळी ठरल्या वाटेने सोयाबीनवर येणारे नर दिसेनासे होतात. ‘आकृतिबंध’ लिहू का?

पुणे:
आकृतिबंध सरकारी पदांचा असतो. हरणांची ‘वहिवाट’ मोडली, असं लिहा.

चंद्रपूर:
वहिवाट अगदी बरोबर, आणि ती मोडते त्याचं कारणही लेखात येऊ द्या. सोयाबीनचा पाला पिवळा पडला की हरणांना त्यात गोडी राहत नाही. त्याच सुमारास ओकची फळं पडू लागतात. त्यातही पांढऱ्या ओककडे आधी धाव, कारण ती कमी तुरट. आपल्याकडे मोहाची फुलं पडली की चितळ कसे झाडाखाली गोळा होतात, तसंच. शिकाऱ्याला वाटतं हरणं गायब झाली. हरणांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे लावून घेतलेल्या नोंदींत ऑक्टोबरात नरांचं फिरणं उलट वाढत जाताना दिसतं. बांधावर बसून ते कसं कळणार?

सोलापूर:
झाडावर बसतात ना ते? त्याला तरी ‘ट्री स्टँड’ लिहू नका, मचाण लिहा. आणि ‘रट’ला, म्हणजे हरणांच्या मीलनाच्या मोसमाला, काय ठरवलंत?

मॅडिसन:
‘माजाचा काळ’ लिहिलं आहे. इथे तो नोव्हेंबरच्या मध्याला ऐन भरात असतो.

सोलापूर:
हरकत आहे. माजावर येते ती गाय, म्हैस. पोळ माजावर आला असं आमच्या गोठ्यात कोणी म्हणत नाही. तो माजला म्हणतात, आणि ते माणसालाही म्हणतात. पोळ डुरकतो, खुरांनी माती उकरतो.

चंद्रपूर:
उकरणं ह्या नरांतही आहे. लोंबत्या फांदीखालची जमीन खुराने खरवडून तिथे मुततात, फांदी चाटतात, कपाळ घासतात. शिकारी त्याला ‘स्क्रेप’ म्हणतात. ‘उकीर’ म्हणावं का? उंदीर-घुशीने उकरलेल्या मातीला म्हणतात, पण जवळचा वाटतो.

पुणे:
उकीर म्हटलं की उकिरडा आठवेल. ‘उकरलेली जागा’ लिहून मोकळ्या व्हा. सगळ्याला एकेक नाम हवंच असं नाही. माजाबद्दल मात्र सोलापूरकरांशी मी सहमत नाही. हत्तीला मद, मग हरणाला माज का नको?

सोलापूर:
हत्ती आमच्या गोठ्यात नाही. तिथे गाय आहे.

मॅडिसन:
सध्या ‘नर माजतात’ लिहिते. आई मोठ्याने हसेल, ते चालेल. एक राहिलंच. मार्चमध्ये रानात सापडलेलं गळकं शिंग शेजाऱ्यांनी मला भेट दिलं आहे, भारतात नेण्यासाठी.

चंद्रपूर:
‘गळकं’ नको, ते छपराला. गळलेलं शिंग. आणि ताई, ते तिथेच भिंतीवर लावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथे चितळा-सांबराचं गळून पडलेलं शिंगही घरी ठेवता येत नाही, आणि हे शिंग विस्कॉन्सिनचं आहे हे विमानतळावर कोणाकोणाला पटवत बसाल?