द सिम्स ४: पेंटिंग ५ वर अडकलंय, प्रोग्रॅमिंग ३ वर. स्किल लवकर कसे वाढवावेत? (मदत हवी आहे)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. गेम पीसीवर आहे, फुकट मिळतो तो बेस गेम. एकही पॅक (विकतची जोड) घेतलेला नाही, त्यामुळं पॅकवाले उपाय कृपया सांगू नका.

सिमची (गेममधल्या माझ्या माणसाची) माहिती: यंग अडल्ट, बाई, विलो क्रीकमध्ये एकटी राहते. ट्रेट (स्वभाव) जिनियस, परफेक्शनिस्ट आणि बुकवर्म. ॲस्पिरेशन (आयुष्याचं ध्येय) पेंटर एक्स्ट्रॉर्डिनेअर. नोकरी टेक गुरू. आयुष्य 'नॉर्मल'वर.

संध्याकाळी कामावरून आली की तिला थेट ईझलपुढं (चित्राच्या स्टँडपुढं) उभी करतो, ती रात्री दोन-अडीचपर्यंत चित्रं काढते. सुट्टीच्या दिवशी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिस. ९ सिम-दिवस झाले, पेंटिंग ५ ला पोचलं आणि आता पट्टी हलतच नाही. प्रोग्रॅमिंग ३. अडल्ट व्हायच्या आत दोन्ही १० करायचेत. चीट नको. चुकतंय कुठं?

गोदाकाठची (नांदेड)

भाऊ, तास भरपूर दिलेत, मूड दिला नाही. हा काही लातूर पॅटर्न नाही, की बसवलं अभ्यासाला आणि आले मार्क.

प्रत्येक स्किलचा एक जोडीचा मूड असतो. पेंटिंग, रायटिंग, कुकिंग, गिटार, पियानो, व्हायोलिन यांना इन्स्पायर्ड. प्रोग्रॅमिंग, लॉजिक, हँडीनेस, रॉकेट सायन्स, व्हिडिओ गेमिंगला फोकस्ड. फिटनेसला एनर्जाइज्ड, करिष्म्याला कॉन्फिडंट, कॉमेडी आणि मिसचिफला प्लेफुल. मूड जुळला की पट्टी पळते. टेन्स किंवा अनकम्फर्टेबल असेल तर रांगते, आणि वरच्या लेवलला मुळातच जास्त वेळ लागतो, म्हणून ५ नंतर ते डोळ्यात भरतं.

आता एक करा. कामावरून आल्यावर लगेच, ईझलपुढं न्यायच्या आधी, गेम पॉज करा. खाली डावीकडं मूडलेटवर (मूड कशामुळं आलाय ते दाखवणारी छोटी चित्रं) माऊस नेला की प्रत्येकाचं नाव आणि आकडा दिसतो. ते सगळे इथं लिहा. बाकीचं त्यावरून सांगता येईल.

बिनलाईटचा_गेमर (बीड)

+१. आकडे बघितल्याशिवाय सल्ला म्हणजे नाडी न बघता गोळी.

मांजराकाठ (लातूर)

बघितलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा: कामाचा ताण म्हणून टेन्स +२, भूक लागल्यामुळं अनकम्फर्टेबल +१, घरातल्या सजावटीमुळं हॅपी +१. ऑफिसात कामाचा प्रकार 'वर्क हार्ड' ठेवलाय, बढती लवकर मिळावी म्हणून. रात्री बारानंतर थकल्याचं अनकम्फर्टेबलसुद्धा येतं. इन्स्पायर्ड तर दिसतच नाही, मधूनच फोकस्ड येतं.

गोदाकाठची (नांदेड)

हेच ते. 'वर्क हार्ड' बंद करून 'वर्क नॉर्मली' करा. बढतीला जे लागतं ते मूड आणि रोजच्या टास्कमधूनही मिळतं. ताण घेऊन घरी येण्यात तुमची अख्खी संध्याकाळ जाते.

मूडचा हिशेब असा. प्रत्येक भावनेचे आकडे आपापल्या खात्यात जमा होतात आणि ज्या खात्याची बेरीज मोठी, तो मूड वर दिसतो. समजा इन्स्पायर्ड +१ आणलं, पण टेन्स +२ बसलेलाच आहे, तर सिम टेन्सच राहणार. इन्स्पायर्ड आहे, पण वाया. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वाईट मूडलेटचं कारण काढायचं, मग चांगला मूड आणायचा. बहुतेक लोक उलटं करतात.

हॅपीची गंमत वेगळी आहे. तो स्वतः कुठल्या स्किलला खास ढकलत नाही, पण वर जो चांगला मूड असेल त्याच्यात भर घालतो. म्हणजे इन्स्पायर्ड +२ ला हॅपी +२ ची साथ मिळाली तर तो 'व्हेरी इन्स्पायर्ड'कडं जातो. त्यासाठीच ईझलच्या खोलीत चार शोभेच्या वस्तू लावायच्या. नुसतं दिसायला छान म्हणून नव्हे.

तुमच्या सिमची संध्याकाळ अशी लावा:

आल्याबरोबर जेवण. रोज नवीन शिजवायचं नाही. सुट्टीला फ्रिजमधून 'पार्टी साइज' बनवा, ८ वाढप होतात, उरलेलं फ्रिजात ठेवा. कामावरून आल्यावर नुसतं काढून खायचं. ताट ओट्यावर विसरलात तर ते नासतं आणि खोलीतल्या घाणीचा मूडलेटही लागतो.

मग बाथरूम. शॉवरवर क्लिक केलं की मेनूत 'थॉटफुल शॉवर' येतो, त्यातून इन्स्पायर्ड मिळतं. स्वच्छता आणि मूड एकाच फेरीत. 'ब्रिस्क शॉवर' घेऊ नका, तो एनर्जाइज्डसाठी, व्यायामाच्या आधी.

मग ईझल. आणि बारा वाजता झोप, हे नक्की. थकलेल्या सिमला रात्री दोनपर्यंत ताणून जे मिळतं, त्यापेक्षा जास्त सकाळी ताज्या मूडमधल्या एका तासात मिळतं.

हुरडा_स्पेशल (परभणी)

गोदाकाठच्या ताईंनी सांगितलं त्यात भर घालतो, कारण इथं एक अडचण सुटलीच नाही. जिनियस ट्रेट.

जिनियसला आपोआप अधूनमधून फोकस्ड येतं. ते प्रोग्रॅमिंगला सोन्यासारखं, पण ईझलपुढं ते इन्स्पायर्डच्या विरुद्ध उभं राहतं. शॉवर घेऊन इन्स्पायर्ड आणलं आणि त्याच वेळी जिनियसचं फोकस्ड मोठं निघालं, तर वर फोकस्ड दिसणार. त्याच्याशी कुस्ती खेळू नका. जो मूड आला, त्याचं काम द्या: फोकस्ड दिसला की कॉम्प्युटर, इन्स्पायर्ड दिसला की ईझल. 'सोमवारी पेंटिंग, मंगळवारी प्रोग्रॅमिंग' असलं वेळापत्रक फाडून टाका.

फोकस्ड मुद्दाम आणायचं असेल तर कॉम्प्युटरवर 'ब्राउज सिम्पीडिया', नाहीतर बुद्धिबळाच्या टेबलावर 'पाँडर मूव्हज'. टेक गुरूच्या नोकरीला फोकस्डच लागतो, त्यामुळं सकाळी कामावर निघायच्या आधी सिम्पीडिया बघून पाठवा, 'वर्क हार्ड'ची भरपाई तिथं होते.

परफेक्शनिस्टबद्दलही. हा ट्रेट चित्राचा दर्जा वाढवतो, पण प्रत्येक कामाला वेळ जास्त घेतो. स्किलची पट्टी किती वेळ काम केलं त्यावर वाढते, चित्र पूर्ण झालं की नाही यावर नाही. त्यामुळं मोठ्या कॅनव्हासवर पैसे घालायची गरज नाही. सरावासाठी छोटा कॅनव्हास, स्वस्तातला, चित्र झालं की कलेक्टरला विका, लगेच दुसरं. विकलेल्यातून रंगाचा खर्च निघतो.

मांजराकाठ (लातूर)

जिनियसचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. एक, प्रोग्रॅमिंगची पुस्तकं वाचली तर फायदा होतो का, की नुसतं प्रॅक्टिसच बरं? दोन, तिला ईझलवर लावून मी दुसरीकडं बघितलं की ती मधेच सोडून जाते.

बिनलाईटचा_गेमर (बीड)

पुस्तकं: बुकशेल्फवर क्लिक करून विकत घेता येतात. स्किलच्या पुस्तकांचे भाग असतात, आणि प्रत्येक भाग ठरावीक लेवलपुरताच उपयोगी. लेवल कमी असताना वरचा भाग घेतला तर वाचूनही पदरात काही पडत नाही, आणि लेवल पुढं गेल्यावर पहिला भाग पैसे फुकट. प्रोग्रॅमिंग ३ ला आहे म्हटल्यावर पुस्तकाचं मुख्य काम उरकलंय. आता थेट प्रॅक्टिस बरी.

पुस्तक खरं कामाला येतं ते हँडीनेस आणि कुकिंगला, आणि तेही सुरुवातीला. हँडीनेस शून्य असलेल्या सिमला बिघडलेला टीव्ही उघडायला लावला तर विजेचा झटका बसू शकतो. एकदा बसला, अंगावर काळं पडलं आणि तेवढ्यातच परत दुरुस्तीला पाठवून पुन्हा झटका बसला तर सिम मरते. आधी पुस्तकानं दोन-तीन लेवल, नाहीतर सुतारकामाचा बेंच, तिथं झटका बसायचा प्रश्नच नाही. कुकिंग शून्यावर स्टोव्ह वापरला तर आग लागू शकते. स्मोक अलार्म भिंतीवर लावाच.

मधेच सोडून जाण्याचं: गेम ऑप्शनमध्ये 'ऑटोनॉमी'खाली निवडलेल्या सिमची ऑटोनॉमी (मनानं वागणं) बंद करायचा पर्याय आहे. त्यावर टिक करा. मग ती मनानं उठत नाही. पण मग भूक-लघवीसुद्धा तुम्हालाच बघावी लागते, विसरलात तर जाग्यावर फजिती. फोनसुद्धा सायलेंट करा, नाहीतर कुणीतरी बोलावतं आणि रांग तुटते.

गोदाकाठची (नांदेड)

लॉटकडंही (घराच्या प्लॉटकडं) बघा. बिल्ड मोडमध्ये घराच्या माहितीत लॉट ट्रेटच्या जागा असतात. तिथं पेंटिंगसाठी 'नॅचरल लाइट' आणि प्रोग्रॅमिंगसाठी 'फास्ट इंटरनेट' बसवा. त्याला पैसे पडत नाहीत.

पेंटिंग वर गेल्यावर मूडनुसार चित्रं काढता येतात. फोकस्ड असताना काढलेलं फोकस्डचं चित्र कॉम्प्युटरच्या खोलीत लावा, इन्स्पायर्डचं ईझलच्या खोलीत, आणि चित्रावर क्लिक करून 'इमोशनल ऑरा' चालू करा, म्हणजे त्या चित्राचा मूड खोलीतल्या सिमला लागतो. दोन्ही एकाच खोलीत लावू नका. मधे भिंत पाहिजे, नाहीतर दोन्ही ऑरा एकमेकांवर चढतात आणि परत तेच कुस्तीचं. सारखी तक्रार येते की 'ऑरा चालत नाही', आणि दहातल्या नऊ वेळा कारण हेच निघतं.

डोळ्यात_तूर (धाराशिव)

हे सगळं ठीक आहे पण नोकरी कशाला? फोनवरून नोकरी शोधताना फ्रीलान्सरची एजन्सी घ्या. आर्टिस्ट किंवा प्रोग्रॅमर, दोन्ही बेस गेममध्येच आहेत. गिग (एकेक सुटं काम) घेतला की घरीच तेच काम करायचं, तेच स्किल वाढतं, पैसे मिळतात. ऑफिसात जाणारा सगळा वेळ हातात राहतो.

हुरडा_स्पेशल (परभणी)

बरोबर, पण सुरुवातीला पैसा कमी पडतो. गिगला मुदत असते, आणि हाताशी आलेला मूड आणि गिगचं काम नेहमी जुळतंच असं नाही. पेंटिंग ६-७ ला गेल्यावर नोकरी सोडून फ्रीलान्स, हे माझ्या मते योग्य. त्याआधी सोडली तर बिलं भरायची पंचाईत.

डोळ्यात_तूर (धाराशिव)

बिलाचं मान्य. बाकी आयुष्याचं घड्याळ हीच खरी घाई असेल तर ऑप्शनमध्ये वयाची सेटिंग आहे, 'नॉर्मल'च्या जागी 'लाँग' करा, नाहीतर ऑटो एज बंद करा. ती चीट नाही, गेमनं दिलेली सेटिंग आहे. पेंटिंग शिकवता शिकवता म्हातारी होऊ द्यायची गरज नाही.

मांजराकाठ (लातूर)

'लाँग' करतो. ॲस्पिरेशन बदलून नॉलेजमधलं घेतलं तर 'क्विक लर्नर' मिळेल का? वाचलं होतं की त्यानं सगळेच स्किल लवकर वाढतात.

हुरडा_स्पेशल (परभणी)

नाही मिळणार. क्विक लर्नर हा बोनस ट्रेट आहे. सिम बनवताना जो गट पहिल्यांदा निवडला त्याचाच बोनस चिकटतो, नंतर ॲस्पिरेशन बदलली तरी तो बदलत नाही. तुमचा गट क्रिएटिव्हिटी, त्याचा बोनस 'म्यूजर', इन्स्पायर्ड असताना स्किल जास्त देणारा. पेंटिंगला तोच हवा. पुढची सिम बनवाल आणि तिला चार-पाच स्किल द्यायचे असतील तेव्हा नॉलेज घ्या.

ॲस्पिरेशन मधेच बदलली तर झालेले टप्पे तसेच राहतात, त्यामुळं पॉइंटसाठी बदलून बघायला हरकत नाही. ते सॅटिस्फॅक्शन पॉइंट रिवॉर्ड स्टोअरमध्ये 'मॉर्निंग सिम' किंवा 'नाइट आउल'वर घाला. पहिला सकाळी स्किल वाढवतो, दुसरा रात्री. तुमची सिम रात्री चित्रं काढते म्हणून नाइट आउल, पण बारा वाजता झोपवायला लागलात तर मॉर्निंग. आधी वेळापत्रक ठरवा, मग पॉइंट खर्च करा. 'सॅव्हंट'सुद्धा आहे, सगळ्याच स्किलना चालतो, महाग आहे.

गोदाकाठची (नांदेड)

आणि घरात लेकरू येणार असेल तर लक्ष द्या, तिथं मोठी कमाई आहे. टॉडलरचे मूव्हमेंट, कम्युनिकेशन, थिंकिंग, इमॅजिनेशन हे चारही ५ ला आणि पॉटी ३ ला नेलं की 'टॉप-नॉच टॉडलर' मिळतो आणि त्याचा फायदा आयुष्यभर. त्यानंतर लहानपणी 'आर्टिस्टिक प्रॉडिजी' पूर्ण केली तर पुढं क्रिएटिव्ह स्किल आणखी पळतात. मग पेंटिंग १० ला यंग अडल्टचा निम्मा काळसुद्धा लागत नाही.

बिनलाईटचा_गेमर (बीड)

एक लाईटचं. आपल्याकडं लोडशेडिंगचा भरवसा नाही, गेमवरही विसंबू नका. सिम झोपली की लगेच सेव्ह, आणि मोठा बदल करायच्या आधी 'सेव्ह ॲज'नं वेगळी प्रत. सेव्ह होतानाच लाईट गेली आणि फाईल खराब झाली तर मुख्य मेनूत 'रिकव्हर सेव्ह' बघा, जुन्या प्रती असतात.

मांजराकाठ (लातूर)

'वर्क नॉर्मली' केलं, फ्रिजात पार्टी साइज ठेवलं, ईझल आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या खोल्यांत हलवले. आता आकडे: संध्याकाळी जेवण आणि थॉटफुल शॉवर झाल्यावर टेन्स नाही, इन्स्पायर्ड वर आला. पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी हलूलालीय. पण ८ वाजता परत फोकस्ड आला.

हुरडा_स्पेशल (परभणी)

मग कॉम्प्युटरवर न्या तिला. ईझल कुठं पळून जात नाही.