शब्दचर्चा: ‘वेदनाग्राही’ चालेल का?

मंजिरी: झिकोनोटाइड या वेदनाशामक पेप्टाइडवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर, लेख लिहितेय. रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक रेणू धरणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, ‘ग्राही’ धरून वाक्य केलं: ‘हे पेप्टाइड वेदनाग्राहींना रोधते.’ आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “ग्राही म्हणजे सुंठ-जिरं ना? जुलाब थांबवणारं?” आता काय करू?

शेवंती: आई चुकल्या नाहीत हो! शार्ङ्गधर संहितेत ग्राही द्रव्यांची उदाहरणं म्हणून सुंठ आणि जिरंच दिलंय. दोन्ही अर्थांमागचं क्रियापद एकच, धरून ठेवणं. तरी रिसेप्टरला ‘ग्राही’ शोभतो, कारण तो रेणू धरतो. खटकतं ते ‘वेदनाग्राही’. रिसेप्टर वेदना धरत नाही. चटका, टोचणी टिपणारी मज्जातंतूंची टोकं असतात, त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवा.

जुना खलाशी: मूळ घोटाळा वेगळाच आहे. झिकोनोटाइड रिसेप्टर अडवतच नाही. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढच्या पेशीला द्यायचा तर तंतूच्या टोकातून कॅल्शियम आत यावं लागतं. हे औषध ते दारच बंद करतं. म्हणजे कॅल्शियम चॅनेल, आणि त्यातही एन प्रकारचा.

आणि हे आलं कुठून, तर कोनस मॅगस नावाच्या समुद्री गोगलगायीच्या विषातून! ती विषारी काटा मारून मासा लुळा पाडते नि गिळते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणणाऱ्याला ही दाखवायला हवी. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या शंखांच्या विषाचा अभ्यास मनिलात सुरू केला, पुढे युटा विद्यापीठात नेला. तिथे मायकेल मॅकिन्टॉश या विद्यार्थ्याने हे पेप्टाइड वेगळं काढलं. अमिनो आम्लं अवघी 25. औषधातलं मात्र प्रयोगशाळेत बनवतात. अमेरिकेत मंजुरी डिसेंबर 2004 मध्ये.

मंजिरी: मग ‘कॅल्शियमवाहिनी-रोधक’?

शेवंती: नको. ‘वाहिनी’ म्हटलं की रक्तवाहिनी, नाहीतर दूरदर्शन. ‘कॅल्शियमची वाट अडवते’ लिहा. फक्त ‘वाट लावते’ होऊ देऊ नका.

जुना खलाशी: ‘रोधक’ म्हणजे वेदना थांबवणारा, असंही गृहीत धरू नका. मॉर्फिन आपल्या ग्राहीवर बसून त्याला चालू करतं, म्हणून दुखणं कमी होतं. नॅलॉक्सोन हे औषध तोच ग्राही अडवतं, तर मॉर्फिनचा असर उतरतो आणि कळ परत येते. उलट अर्धशिशीत सीजीआरपी पेप्टाइडचा ग्राही अडवला की आराम पडतो. 2018 मध्ये मंजूर झालेलं एरेनुमॅब तेच करतं, पण ते प्रतिपिंड (अँटिबॉडी), म्हणजे मोठं प्रथिन आहे. लेखात त्याला पेप्टाइड औषध म्हणू नका.

मंजिरी: कळ! ठणकाही कळ, नि दाबायची तीही कळ. शीर्षक मिळालं: ‘कळ बंद करणारी कळ’.

शेवंती: झकास. पण गोळी वाटायला नको. झिकोनोटाइड पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, भोवळ, गोंधळ, भास होऊ शकतात. पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर वाचक उद्या औषधाच्या दुकानात जाऊन मागतील.

मंजिरी: लिहिलं. आईचा नवा प्रश्न: “द्रवात सोडायचं, तर ‘टोचतात’ का म्हणतात?”