धायरीत पत्र्याच्या शेडचं डिटेलिंग गॅरेज करायचंय, आधी पैसे कुठे घालू?

सिंहगडरोडवाला:
नमस्कार मंडळी. धायरीत आमचं बैठं घर आहे, बाजूला पत्र्याची शेड, 11 बाय 20 फूट, तीन बाजूंनी भिंत आणि समोरून उघडी. आत्तापर्यंत तिथे बाबांची स्कूटर, मोडकं कपाट आणि गणपतीचं मखर असं नांदत होतं, आता रिकामी करतोय (मखर सोडून, त्याला हात लावायची परवानगी नाही). घरच्या दोन गाड्या आहेत, एक काळी सेडान आणि एक हॅचबॅक, त्यांचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने धुणं, पॉलिश आणि कोटिंग, स्वतःच करायचंय आणि पुढेमागे जमलं तर रविवारी मित्रांच्याही घेईन, थोडे पैसे घेऊन. बजेट दीड लाखाच्या आसपास. डोक्यात आहे ते असं, खाली चकचकीत इपॉक्सी (फरशीवरचा राळेचा लेप), वर ते षटकोनी लाइट, प्रेशर वॉशर, रोटरी पॉलिशर (एकाच जागी गरगर फिरणारा) आणि सिरॅमिक कोटिंगचं (रंगावरच्या संरक्षक थराचं) किट. पाणी बोरचं. प्यायचं पाणी गाडीवर ओतलं तर आई मलाच गेटबाहेर धुवायला काढेल. आधी काय घेऊ आणि काय नंतर?

नानापेठी:
षटकोनी लाइट रील काढायला झकास, कामाला नाही. बॉनेटवर नुसत्या षटकोनांचं प्रतिबिंब दिसतं आणि दरवाजाच्या खालच्या निम्म्या भागात अंधार, जिथे खरी घाण आणि ओरखडे असतात. साध्या एलईडी ट्यूब घे, पण सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरच्या, 5000 केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या, आणि त्यातल्या निम्म्या ट्यूब छताऐवजी बाजूच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला लाव. शिवाय एक हातातला टॉर्चसारखा लाइट लागतोच कारण काळ्या रंगावरचे स्वर्ल (बारीक गोलाकार ओरखडे) ट्यूबच्या पसरट उजेडात लपतात, एका बिंदूतून येणाऱ्या उजेडातच दिसतात. ट्यूबखाली गाडी आरसा वाटते आणि दुपारी उन्हात नेली की कोळ्याची जाळी. तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, फिरलास तर सगळं मिळेल, फक्त खोक्यावर सीआरआय छापलाय का ते बघ, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नको.

जागेचं पण बघ. सेडान पावणेसहा फूट रुंद धरली तर 11 फुटांत दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच फूट उरतं, दार पूर्ण उघडणार नाही. म्हणजे बाजूच्या भिंतींना रॅक नकोच, सगळं सामान मागच्या भिंतीला. मखर माळ्यावर चढव, आई तेवढं चालवून घेईल.

बोरवेल_बहाद्दर:
पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, बोरवर काळी गाडी म्हणजे डागांचं प्रदर्शन. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घे, स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, म्हणजे पाणी प्यायला पास झालं तरी गाडीवर नापास होऊ शकतं. 500 टीडीएसचं एक लिटर पाणी गाडीच्या पत्र्यावर सुकलं की अर्धा ग्रॅम क्षार मागे राहतो, त्यात उन्हाने पत्रा तापलेला असेल तर तो डाग शाम्पूने जात नाही, ॲसिडवालं स्पॉट रिमूव्हर किंवा थेट पॉलिशच.

सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवून टीडीएस कमी होत नाही हे लक्षात ठेव. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम घालतो, डाग पडतात पण पुसायला सोपे. क्षार खरोखर काढायचे तर डीआय रेझिनची (क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) टाकी, पण सगळी धुलाई त्यावर केलीस तर रेझिन भराभर संपेल. बोरच्या पाण्याने धू आणि फक्त शेवटचा हात डीआयचा, 15-20 लिटर पुरतात. आणि आरओचं वेस्ट पाणी गाडीला वापरायचा सल्ला कोणी दिला तर हात जोड, त्यात क्षार उलट जास्त असतात.

तुझ्याकडे पत्र्याचं छप्पर आहे, ते विसरू नको. 220 चौरस फुटांवर 1 सेंटिमीटर पाऊस पडला तरी 200 लिटर पाणी होतं. पन्हळ लाव, पहिल्या सरींचं घाणेरडं पाणी वाहून जाऊ दे, मग झाकणाच्या ड्रममध्ये गाळून भर. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्यच, तोपर्यंत रेझिनला सुट्टी.

सिंहगडरोडवाला:
बापरे, पन्हळीचं डोक्यातच नव्हतं. आणि फरशी? सध्या जुना कोबा आहे, पाणी मागच्या भिंतीकडे साचतं.

नानापेठी:
मग इपॉक्सी आत्ता नाहीच, आधी उतार. समोरच्या बाजूला 100 ला 1 तरी दे, म्हणजे 20 फुटाला जवळपास अडीच इंच. दारात आडवी नाली, वर जाळी, पुढे गाळ बसायला छोटं चेंबर, नाहीतर तुझी माती आणि शाम्पू शेजाऱ्यांच्या गेटसमोर जाईल आणि मग सोसायटीची मीटिंग. बैठ्या घराला सोसायटी नसली तरी शेजारी असतातच. नवा कोबा निदान 28 दिवस वाळू दे. मग दोन फुटाचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेव, खाली दव आलं तर इपॉक्सी पापुद्र्यासारखी उचलणार. आणि नुसती चकचकीत करू नको, वर वाळू टाकून खरखरीत करून घे, शाम्पू सांडल्यावर पाय ठरत नाही. खरं सांगू का, पार्किंग टाइल्स लावून मोकळा हो.

फेज_न्यूट्रल:
वायरिंगचं कोणी विचारलं नाही, नेहमीसारखंच. ओल्या फरशीवर उभं राहून 1800 वॉटचा वॉशर चालवणार आहेस, तेव्हा शेडला वेगळी लाइन, 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (शॉक लागायच्या वेळी वीज तोडणारा स्विच) आणि मीटर लावून तपासलेलं अर्थिंग, ह्यात काटकसर नको. सॉकेट 16 ॲम्पिअरचे, कमरेच्या वर, झाकणवाले. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळताना दिसला तर मी स्वतः येऊन काढून नेईन. आणि पैसे घेऊन गाड्या करणार असशील तर महावितरणला आधी विचार, घरगुती मीटरवर धंदा हा विजेचा अनधिकृत वापर धरू शकतात, 2003 च्या कायद्यात कलम 126 आहे.

पॉलिशवाली_ताई:
रोटरी राहू दे रे, पाच इंची पॅडचा डीए (फिरता फिरता हलणारा, रंगाला कमी धोक्याचा पॉलिशर) घे. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सगळा मिळून 40-50 मायक्रॉन, काळ्या गाडीच्या कडेवर रोटरी एक क्षण जास्त रेंगाळली की खेळ खल्लास. कोटिंगचं किट शेवटी, तेही पावसाळ्यात नको. दमट हवेत कोटिंग नीट बसत नाही, पुसायला उशीर झाला की गडद पट्टे राहतात. बाटलीवर तापमान आणि आर्द्रता छापलेली असते, ती पाळ. एप्रिल-मेमध्ये उलटा प्रॉब्लेम, पत्र्याखाली दुपारी बॉनेटला हात लागत नाही, शाम्पू फवारतानाच सुकतो. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग मार आणि सकाळी नऊच्या आत आटप.

सिंहगडरोडवाला:
समोरची बाजू बंद करू का? रस्त्याचं काम चालू आहे, धूळ मरणाची. शटर की पडदा?

पॉलिशवाली_ताई:
शटर लावलंस तर एक्झॉस्ट फॅन पण लागेल, सॉल्व्हंटचा वास कोंडतो. सध्या जाड पीव्हीसीचा सरकता पडदा लाव, पॉलिशच्या आधी फरशी ओली कर, धूळ खाली बसते. वॉशिंग पडदा उघडून, पॉलिश पडदा लावून. शटर दिवाळीनंतर बघ.