मोडक्या मनगटाने प्राइस डकार जिंकला, ते नेमकं कसं?

अर्धा थ्रॉटल यांचा प्रश्न:

नऊ आठवड्यांपूर्वी सराव करताना पडलो. उजव्या मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं, स्क्रू बसला. प्लास्टर निघालंय, पण थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) पिळला की अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं होतं. अजून सात आठवड्यांनी माझी पहिली पाच दिवसांची वाळवंटी रॅली आहे. पैसे भरून झालेत.

घरी विषय निघाला की मी एकच वाक्य फेकतो, "टोबी प्राइस 2019 ला मोडक्या मनगटाने डकार जिंकलाच ना!" बोलणं तिथेच थांबतं. (डकार म्हणजे दरवर्षीची ती सगळ्यात खडतर वाळवंटी रॅली, प्राइस म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बाइकवाला.) पण खरं सांगू का, ते जमलं कसं हे मलाच कळलेलं नाही. जिद्द, इच्छाशक्ती वगैरे उत्तरं नकोत, ती व्हिडिओंखाली पोत्याने पडली आहेत. त्या वर्षीची पेरूतली ती वाळू, दहा स्टेज (रोजचा एक टप्पा), त्याच हाताने थ्रॉटल आणि त्याच हाताने पुढचा ब्रेक. माणूस नेमकं करतो काय?

---

कॅप शून्य यांचं उत्तर:

मी लांब रॅल्या तीन केल्या, पूर्ण झाल्या दोन. त्या तिसरीबद्दल पुढे सांगतो, आधी प्राइस.

2019 चे निकाल स्टेजवार काढून बघा. बारेडा, वॉकनर, ब्राबेक, संडरलंड, क्विंटानिया, रोज कुणीतरी दुसराच जिंकतोय. प्राइसच्या नावावर शेवटच्या दिवसापर्यंत एकही स्टेज नाही. हीच खरी गोष्ट आहे. आदल्या दिवशी जिंकलेला बाइकवाला दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी सुटतो. त्याच्यासमोर चाकोरी नसते, कोरी वाळू असते, प्रत्येक वळण रोडबुकवरून (वाटेच्या नोंदींचा गुंडाळलेला कागद) स्वतः शोधावं लागतं. मागचे त्याच्या खुणा बघत येतात आणि वेळ कापतात. (आता रस्ता काढणाऱ्याला बोनस वेळ मिळतो, तेव्हा मिळत नव्हता.) त्यामुळे रोज चौथा-पाचवा येणारा माणूस या खेळात फार काही गमावत नाही. मनगटाने प्राइसला जी चाल धरायला लावली, ती डकारमध्ये तशीही वाईट चाल नाही.

बाकीच्यांचं काय झालं तेही बघा. बारेडा आघाडीवर होता, तिसऱ्या स्टेजला धुक्यात घळीत उतरला आणि अडकला. ब्राबेक आघाडीवर असताना आठव्या स्टेजला त्याचं इंजिन गेलं. शेवटच्या सकाळी क्विंटानिया प्राइसच्या जेमतेम मिनिटभर मागे होता. तो सुरुवातीलाच पडला आणि पाय दुखावून घेतला. त्या एका दिवशी प्राइसने हात राखला नाही, स्टेजही घेतली आणि रॅलीही.

आता उलट बाजू. हाच प्राइस 2017 ला गतविजेता म्हणून उतरला होता. चौथ्या स्टेजला मांडीचं हाड मोडलं. तिथे कसली आलीय जिद्द? हेलिकॉप्टर आलं, घेऊन गेलं. पुढच्या वर्षी येऊन तो तिसरा आला. वॉकनरचंही तसंच, 2016 ला मांडी मोडली, 2018 ला डकार जिंकला. मनगटाशी घासाघीस करता येते. मांडीशी येत नाही.

घासाघीस म्हणजे काय ते सांगतो. उभं राहून चालवायचं, टाकी गुडघ्यांनी आवळायची, म्हणजे हँडलला हात फक्त टेकलेले राहतात. टेकडीच्या माथ्यावरून उडी घ्यायची नाही, माथ्याला थ्रॉटल सोडायचा आणि बाइक पलीकडे घसरू द्यायची. दर माथ्याला तुम्ही दोन सेकंद हरता. पण टेकडीपलीकडे काय आहे ते दिसतं.

माझी तिसरी रॅली. दुसऱ्या दिवशी डावा अंगठा मोडला. मी म्हटलं, अंगठा तर आहे, क्लच चार बोटांनी ओढता येतो. टेप गुंडाळली आणि निघालो. पण रोडबुकचा कागद पुढे सरकवायचं बटण कुठे असतं? डाव्या ग्रिपशेजारी, अंगठ्याखाली. तर मी दर नोंदीला क्लचवरचं बोट काढून बटण दाबत होतो. दुखू नये म्हणून दोन-तीन नोंदी एकदम सरकवायला लागलो. चौथ्या दिवशी त्यातलीच एक नोंद निसटली, तिच्यावर दोन उद्गारचिन्हं होती, म्हणजे पुढे धोका. कोरड्या ओढ्यात साठच्या वेगाने उतरलो. कॉलरबोन, दोन बरगड्या. अंगठ्याने मला थेट पाडलं नाही, त्याने माझं लक्ष खाल्लं. म्हणून विचारतो, तुमचं दुखणं ताकद खातंय की लक्ष?

---

हाडांचा हिशेब यांचं उत्तर:

मी अस्थितज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे ढोबळच समजा.

स्कॅफॉइडला रक्त उलट्या वाटेने मिळतं. बोटांच्या बाजूने शिरतं आणि मागे, कोपराच्या बाजूला जातं. मधोमध तुटलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. म्हणून हे एवढंसं हाड जुळायला कधीकधी मांडीच्या हाडाइतका वेळ घेतं. स्क्रू तुकडे धरून ठेवतो, जुळवण्याचं काम रक्ताचं. साध्या एक्स-रेवर फसायला होतं. नऊ आठवड्यांनी दुखतंय म्हणजे सीटी स्कॅन करून हाड किती टक्के जुळलंय ते बघायचं, अंदाज बांधायचे नाहीत. न जुळलेलं स्कॅफॉइड काही वर्षांनी सगळ्या मनगटाचा सांधा झिजवतं, आणि तेव्हा कुणाला ट्रॉफी आठवत नाही.

गोळ्या खाऊन पाच दिवस काढू असं मनात असेल तर एक लक्षात ठेवा. ट्रामाडॉल 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या औषधांत आहे, आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन त्याच्या दोन वर्षं आधीपासून. नियम बाजूला ठेवले तरी, दुखणं हा तुमच्याकडचा एकमेव मीटर आहे. तो बंद करून वाळूत जाऊ नका.

प्राइसच्या पाठीशी पूर्ण टीम होती. संध्याकाळी त्याची बाइक दुसऱ्या कुणीतरी उघडली. तुम्ही तुमची स्वतःच उघडणार ना?

---

तिसरा गिअर यांचं उत्तर:

माफ करा, पण हे सगळं जिंकलेल्यांकडे बघून चाललंय. सी. एस. संतोष आठवतो का? 2015 ला डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, 36वा आला होता. 2021 ला सौदीत चौथ्या स्टेजला डोक्यावर पडला, डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्ध ठेवावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस डकारमध्येच पडून जिवानिशी गेला. त्याच्याकडे काय जिद्द कमी होती? मोडक्या हाताच्या गोष्टी ऐकून पोरं प्लास्टर कापून सुटतात.

---

कॅप शून्य:

पटतं. पण गोन्साल्विस पडला तेव्हा त्याच्यापाशी कोण थांबलं ते विसरू नका. प्राइसच. रॅली चालू होती, घड्याळ चालू होतं, आणि तो मदत येईपर्यंत तिथून हलला नाही. थांबलेला वेळ नंतर परत धरतात, तसा नियमच आहे, पण त्या क्षणी नियम आठवून कोण थांबतं?

आणि आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर हरिथ नोआ घ्या. 2023 ला पहिल्याच स्टेजला पडला, मणक्याला लागलं, खेळ तिथेच संपला. तो घरी गेला, बरा झाला. 2024 ला परत येऊन रॅली-2 गट (सगळ्यात वरच्या गटाच्या खालचा) जिंकला, एकूण 11वा. मधलं वर्ष कुणी सांगत नाही. फिजिओथेरपीचे व्हिडिओ कोण बघणार!

---

अर्धा थ्रॉटल:

डॉक्टर, सीटीची वेळ घेतली, मंगळवारी आहे. आयोजकांना मेल टाकून विचारलंय की नोंदणी पुढच्या वर्षावर सरकते का. घरी अजून सांगितलेलं नाही, नाहीतर प्राइसचं वाक्य माझ्याच अंगावर येईल.

कॅप शून्य, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. काल नुसता स्टँडवर बाइक लावून वीस मिनिटं उभा राहिलो, समोर जुन्या रॅलीचं रोडबुक. बाराव्या मिनिटानंतर मी नोंदी वाचत नव्हतो, मनगट कसं ठेवू ते बघत होतो.

एक फालतू शंका. ते बटण अंगठ्याऐवजी तर्जनीने दाबता येईल असं बसवता येतं का?

---

कॅप शून्य:

येतं. मी आता तसंच बसवलंय. हातमोजा घालून दाबून बघा आणि मगच क्लॅम्प आवळा, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर वायर ताणली जात नाही ना ते तपासा. माझी पहिल्याच दिवशी तुटली होती.