रोजची सायकल आणि रविवारची सायकल

प्रश्न : पांझराकाठ (धुळे)

मी धुळ्यात देवपूर भागात राहतो आणि पांझरा नदीच्या पलीकडे, घरापासून सुमारे चार किलोमीटरवर असलेल्या एका कार्यालयात लिपिकाचे काम करतो. गेल्या दिवाळीपासून मी कार्यालयात सायकलने जातो. यामागे आरोग्याचा किंवा पर्यावरणाचा मोठा संकल्प नव्हता. मुलीचे महाविद्यालय गावाबाहेर असल्याने घरातली एकुलती एक मोटारसायकल तिच्याकडे गेली आणि नव्या गाडीचे हप्ते डोक्यावर घेण्यापेक्षा माळ्यावरची जुनी सायकल मी दुरुस्त करून घेतली, एवढेच.

सायकल चालवणे अवघड नाही, हे दोन दिवसांत कळले. अवघड आहे ते लोकांना उत्तरे देणे. गल्लीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "का रे भो, गाडी इकी टाकी का?" (गाडी विकून टाकलीस का?) असे विचारले, तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, खरी काळजी होती. सासऱ्यांनी फोन करून पैशांची काही ओढाताण आहे का, याची आडवळणाने चौकशी केली. कार्यालयाच्या फाटकावरचा पहारेकरी मोटारसायकल असताना हात वर करून नमस्कार करीत असे; आता तो सायकल मागच्या भिंतीला लावायला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी शहरात सायकल फेरी निघाली, तेव्हा मात्र हीच मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. फेरीतल्या काही सायकली मोटारींच्या टपावर बांधून आणलेल्या होत्या, हे जाता जाता नोंदवतो.

आता ३ जूनच्या जागतिक सायकल दिनासाठी आमच्या कार्यालयात फेरीची तयारी सुरू आहे आणि "तुम्ही तर सायकलवालेच" म्हणून मला समितीत घेतले आहे. रोजच्या सायकलीला हलके आणि रविवारच्या सायकलीला भारी समजण्याची ही वृत्ती कशातून आली असावी, अशा फेऱ्यांनी ती बदलते का आणि समितीत मी नेमके काय सुचवावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ : जुना शेडवाला (भुसावळ)

मी रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. आमच्या तरुणपणी भुसावळात रेल्वेच्या इंजिन शेडचा भोंगा वाजला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा सुटत असे आणि त्यात खलाशापासून साहेबाच्या हाताखालच्या बाबूपर्यंत सगळे एकाच वेगाने चालत. अमळनेरला प्रताप मिलच्या पाळीच्या वेळी हेच दृश्य असे. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल मिळाली, तर त्या लग्नाची चर्चा पंचक्रोशीत होई. तेव्हा सायकल म्हणजे गरिबी हे समीकरण आपल्याकडे मुळातले नाही, ते नंतर आलेले आहे.

नव्या मंडळींना खरे वाटणार नाही, पण त्या काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत असे आणि तो भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला मिळे. बिल्ला नसेल, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट सापडलात, तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. आम्ही त्या कराला शिव्या घातल्या. आज मात्र वाटते की त्या बिल्ल्याने सायकलीला वाहनाचा दर्जा दिला होता. गावात सायकली किती आहेत हे पालिकेला ठाऊक होते. कर बंद झाला, ही सोय झाली खरी, पण त्याबरोबर सायकल दप्तरातूनच गेली, आणि जे दप्तरात नाही त्याच्यासाठी रस्त्यात जागा कोण ठेवणार?

पुढे लूना मोपेड आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि ज्याला थोडेफार जमले तो सायकलीवरून उतरला. मागे राहिला तो ज्याला जमले नाही. तुमच्या सासऱ्यांचा फोन त्या हिशेबातून आलेला आहे, त्याचा राग मानू नये.

उत्तर २ : सातपुड्याची शिक्षिका (नंदुरबार)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एका ठिकाणी चित्र निराळे दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळतात. आमच्या सपाटीवरच्या गावांत नववीतली मुलगी दप्तर कॅरिअरला लावून निघाली, की तिला कोणी बिचारी म्हणत नाही, उलट "पोरगी शिकते" असे म्हणतात. बिहारमध्ये २००६ साली मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. तिच्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधले अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा जितकी लांब, तितका परिणाम अधिक होता. म्हणजे सायकलीने काय साधले हे लोकांना डोळ्यांनी दिसले, तर तिचा मान आपोआप वाढतो. त्यासाठी वेगळी घोषणा द्यावी लागत नाही. (धडगावच्या चढावर मात्र हीच सायकल मुली हातात धरून ढकलत नेतात, हेही सांगितले पाहिजे. योजना सपाटीवर बसून आखली, की असे होते.)

मला खटकते ते याच्या पुढचे. बारावी झाली की मुलीची सायकल धाकट्या भावाकडे किंवा दूध घालायला वडिलांकडे जाते आणि लग्नानंतर तिने पुन्हा सायकलीवर बसणे जवळजवळ संपते. मी स्वतः शाळेला स्कूटीवर जाते. सायकल घ्यावी असे दोनदा मनात आले, पण साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बाईकडे चौकात कसे पाहतात हे मला माहीत आहे आणि रोज सकाळी ते सोसण्याची माझी तयारी नाही. पुरुषांच्या बाबतीत लोक परिस्थितीची चौकशी करतात, बाईच्या बाबतीत वळणाची. तुमच्या फेरीत "महिलांचा विशेष सहभाग" असेल, तर त्यांतल्या किती जणी सोमवारी त्याच सायकलीवर बाजाराला जाणार, हे समितीत जरूर विचारावे.

उत्तर ३ : चौफुलीजवळचा (जळगाव)

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. तुम्ही सर्वजण मान-अपमानाविषयी लिहीत आहात, पण माझ्या मते लोक सायकलीला लाजतात त्याहून अधिक घाबरतात, आणि घाबरतो असे म्हणणे पुरुषाला जड जाते म्हणून प्रतिष्ठेचे कारण पुढे करतात. मी जळगावला महामार्गालगत राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या डाळमिलमध्ये आणि चटईच्या कारखान्यांत जाणारे कामगार सकाळी अजिंठा चौफुली सायकलीने ओलांडतात, ते मी रोज पाहतो. एका बाजूने केळीचे ट्रक, दुसऱ्या बाजूने खासगी बसगाड्या, आणि मध्ये डब्याची पिशवी हँडलला लावलेला माणूस. महामार्गाला समांतर रस्त्यांसाठी या शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत, ती काही हौसेखातर नव्हेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो, आणि त्यांत दुचाकीस्वार व पादचारी मिळून निम्म्याहून अधिक होते. अशा रस्त्यावर आपल्या मुलाला सायकलीने शाळेत पाठवा, असे फेरीतल्या फलकावर लिहिणे सोपे आहे. मी माझ्या मुलाला पाठवत नाही.

सायकलीचा देश म्हणून नेदरलँड्सचे नाव नेहमी घेतले जाते, पण तिथले लोक जन्मतः सायकलप्रेमी होते असा समज चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींची लाट आली आणि सायकल मागे पडली. १९७१ साली तिथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या चळवळीचे नावच "मुलांच्या हत्या थांबवा" असे होते. १९७३ च्या तेलटंचाईने तिला बळ दिले आणि सरकारला रस्त्यांची रचना बदलावी लागली. आज तिथल्या एकूण प्रवासांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक प्रवास सायकलीने होतात. "सायकल चालवा, तंदुरुस्त राहा" अशी विनंती त्या पालकांनी कोणालाही केली नव्हती. त्यांची मागणी मोटारवाल्यांच्या वेगाविरुद्ध होती.

आपल्याकडे नेमके उलटे होते. मोहीम सायकलवाल्याला उपदेश करते आणि रस्ता होता तसाच राहतो. जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात बीआरटीबरोबर (बससाठीच्या राखीव मार्गिकांबरोबर) सायकलमार्ग बांधले गेले, त्यांवर आता दुचाक्या चढतात आणि हातगाड्या लागतात. २०१७ च्या अखेरीस मोबाइलवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली गाजावाजा करून आल्या आणि एक-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. तेव्हा समितीत फेरीचा मार्ग ठरवण्याऐवजी एकाच चौकाची मागणी ठरवा : शाळेसमोर गतिरोधक, वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर, आणि सायकलीला उजवीकडे वळण्यासाठी थांबायला जागा.

उत्तर ४ : स्पोक-छर्रे (अमळनेर)

माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. शिकलेल्या मंडळींइतके मला लिहिता येणार नाही, पण गल्ल्यावर बसून जे दिसते ते सांगतो. गिअरची सायकल माझ्याकडे येते ती टायर बसून, वर्षभर उभी राहिल्यामुळे. तिचा मालक एकदा हवा भरून घेतो आणि पुढच्या फेरीलाच पुन्हा दिसतो. बावीस इंची काळी सायकल येते ती चेन ओढली जाऊन, छर्रे झिजून, रिमचा आउट गेल्यामुळे. ती मला दुपारपर्यंत द्यावी लागते, कारण तिचा मालक तिच्याविना संध्याकाळचे दूध घालू शकत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ते चांगले झाले. परंतु नवी सायकल घेण्यापेक्षा जुनी चालती ठेवणे हीच माझ्या गिऱ्हाइकाची खरी गरज आहे. दुकानासमोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे कडुनिंब गेले, तेव्हापासून मे महिन्यात दुपारी बारा ते चार माझ्याकडे कोणी पंक्चरलाही येत नाही. ४४ अंशांत डांबरावर सायकल ओढून पाहा, म्हणजे सावली ही काय सोय असते ते कळेल. फेरीच्या टी-शर्टांवर जो खर्च होतो, त्यात माझ्यासारख्या दोन मिस्त्रींना दिवसभर चौकात बसवून येईल त्या सायकलीचा ब्रेक आणि दिवा फुकट नीट करून देता येईल. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे आभार. चौफुलीजवळच्या सद्गृहस्थांचे भीतीविषयीचे म्हणणे मला पटले, तरी पहारेकऱ्याचा न येणारा नमस्कार त्यात बसत नाही, असे अजूनही वाटते. शेडवाल्या काकांच्या बिल्ल्याची गोष्ट मात्र डोक्यातून जाईना, म्हणून काल सकाळी साडेसात ते साडेआठ मी देवपूरहून पलीकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी वही घेऊन उभा राहिलो आणि जाणाऱ्या प्रत्येक सायकलीला एक रेघ ओढली. अवधानच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले कामगार, यंत्रमागावरची माणसे, वर्तमानपत्रे टाकून परतणारी पोरे, दुधाच्या बरण्या लावलेले गवळी, गवंड्याच्या हाताखालचे मजूर आणि शिकवणीला चाललेल्या मुली मिळून वहीची पाठपोट दोन पाने भरली. इतक्या सायकली याच पुलावरून माझ्या पुढेमागे रोज जात असतील, याची मला स्वतः सायकलीवर असूनही कल्पना नव्हती. गेल्या हिवाळ्यातल्या फेरीत यांपैकी एकही चेहरा पाहिल्याचे आठवत नाही.

आज बैठकीत ती दोन पाने मी टेबलावर ठेवली. रविवारऐवजी कामाच्या दिवशी, सकाळी आठला, याच पुलावर कार्यक्रम ठेवावा, मिस्त्री बसवावेत आणि ही मोजणी निवेदनासोबत महापालिकेला द्यावी, असे सुचवले. साहेबांना मोजणीची कल्पना आवडली. कामाच्या दिवशी वाहतूक खोळंबेल, ही त्यांची हरकत होती. सायकलींनी की मोटारींनी, असे मी विचारले, त्यावर थोडे हसणे झाले आणि विषय सोमवारच्या बैठकीवर गेला. टी-शर्टांची मागणी मात्र आजच नोंदवली गेली असून माझे माप विचारण्यात आले आहे.

सोमवारपूर्वी आणखी दोन सकाळी मोजायचा विचार आहे. धुळ्यातले कोणी साक्री रस्त्याच्या बाजूला उभे राहू शकेल का?