मदत हवी आहे : एन्रॉनच्या जाहीर झालेल्या कागदपत्रांत दाभोळचा माग कसा काढावा?

नमस्कार.

गुहागर तालुक्याच्या स्थानिक इतिहासाचे एक टिपण आम्ही काही जण मिळून तयार करत आहोत. त्यातील, एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने उभारलेल्या दाभोळ वीज प्रकल्पाचे प्रकरण माझ्याकडे आले आहे. जून १९९२ मधील सामंजस्य करारापासून मे २००१ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला तोपर्यंतचा काळ त्यात घ्यायचा आहे. या विषयावर आमच्या भागात प्रत्येकाचे मत पक्के आहे. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांत ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या आठवणी आम्ही स्वतंत्रपणे टिपून घेतच आहोत. पण व्यवहाराच्या बाबतीत एकही विधान कागदाच्या आधाराशिवाय करायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे, आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २००० आणि २००१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचे दर भडकले होते. त्यात बाजाराशी खेळ झाला का, हे तपासण्यासाठी तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने २००२ मध्ये चौकशी सुरू केली, आणि मार्च २००३ मध्ये त्या चौकशीत हाती आलेले कंपनीचे ईमेल सर्वांसाठी खुले केले. त्यांची नीट लावलेली एक प्रत कार्नेगी मेलन विद्यापीठाने ठेवली आहे. सुमारे १५० जणांच्या पेट्यांतील सुमारे ५ लाख संदेश तिच्यात आहेत. ती प्रत मी उतरवून घेतली आणि दाभोळ, प्रकल्प कंपनीचे आद्याक्षरी नाव, वीज मंडळाचे आद्याक्षरी नाव, महाराष्ट्र, असे शब्द रोमन लिपीत घालून गेले चार महिने शोध घेत आहे.

जे सापडले त्याने मी गोंधळलो आहे. दाभोळचा उल्लेख असलेल्या संदेशांतील मोठा भाग म्हणजे भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांच्या बातम्या आहेत, ज्या एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने दहा जणांना पाठवलेल्या आहेत. म्हणजे मुंबईत जी बातमी आपण चहाबरोबर वाचत होतो, तीच ह्यूस्टनमधील, म्हणजे एन्रॉनच्या मुख्यालयातील, वरिष्ठ अधिकारी वाचत होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याखालोखाल पत्रकारांना काय सांगावे याची टिपणे आहेत. परंतु वीजखरेदी कराराच्या वाटाघाटी, दराची सूत्रे, नाफ्ता या इंधनाचा खर्च, जमीन, या गोष्टींवर जवळजवळ काहीच नाही. ज्या विषयावर महाराष्ट्रात दोन निवडणुका गाजल्या, त्या विषयावर कंपनीच्या आतील पत्रव्यवहारात एवढी शांतता कशी? काही काढून टाकले असेल का, असा संशय येतो, पण संशय टिपणात लिहिता येत नाही.

आणखी एक उदाहरण देतो. जून २००१ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधी यांच्या भेटीत एन्रॉनचा विषय काढला, असे सांगणारा एक ईमेल २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला होता आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही त्याची चर्चा झाली होती. तो मूळ संदेश मला या संग्रहात मिळालाच नाही. वेगवेगळ्या शब्दांनी आणि तारखांनी शोधून झाले. माझ्या शोधण्यात चूक आहे, की तो या संग्रहात नाहीच?

तांत्रिक बाजूचे दोन प्रश्न आहेत. एकच मजकूर चार-पाच ठिकाणी सापडतो आणि प्रत्येकाचा संदेश-क्रमांक निराळा असतो. अशा वेळी मूळ कोणता मानायचा? शिवाय संदेशांवरील वेळ ह्यूस्टनच्या घड्याळाशी जुळत नाही. एके ठिकाणी तर मुंबईतील घटनेची बातमी घटनेच्या आदल्या तारखेला पोहोचलेली दिसते.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. या पेट्यांत दाभोळशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांची आजारपणे आहेत, घरगुती भांडणे आहेत, नोकरी जाण्याच्या भीतीने लिहिलेली पत्रे आहेत. ती त्यांनी जगासाठी लिहिली नव्हती. अधिकारपदावर असलेल्यांचीच नावे घ्यायची आणि बाकीच्यांचा उल्लेख केवळ हुद्द्याने करायचा, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. तो पुरेसा आहे का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अमेरिकेत खटल्यांसाठी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे छाननी करून देण्याच्या कामात आहे. हा संग्रह आमच्या क्षेत्रात सरावासाठी सगळेच वापरतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्हाला जी शांतता वाटते ती संग्रह कसा जमला यातून आली आहे. आयोगाला कॅलिफोर्नियातील वीज आणि वायूच्या बाजाराची चौकशी करायची होती, त्यामुळे ज्यांच्या पेट्या घेतल्या गेल्या त्यांत व्यापार करणारे, त्यांचे वकील, सरकारी धोरण सांभाळणारे आणि अगदी वरचे अधिकारी भरलेले आहेत. दाभोळची बांधणी आणि वाटाघाटी करणारा आंतरराष्ट्रीय विभाग आणि मुंबईचे कार्यालय हा चौकशीचा विषयच नव्हता. शिवाय बहुतेक संदेश १९९९ नंतरचे आहेत, आणि करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. ज्या विहिरीत ते पाणी कधी आलेच नाही, तिथे ते आटले असे म्हणता येणार नाही. तुमच्या टिपणात हे एक वाक्य जरूर असू द्या की हा संग्रह दुसऱ्या चौकशीसाठी जमवलेला आहे.

काही गोष्टी काढलेल्याही आहेत, पण त्या कोणत्या ते बऱ्याच अंशी कळते. संदेशाच्या शीर्षभागात मूळ फाइलचे नाव असते. त्यात अनेकदा ‘नॉन-प्रिव्हिलेज्ड’ असा शब्द दिसेल. वकील आणि अशील यांच्यातील संरक्षित पत्रव्यवहार वेगळा केल्यानंतर उरलेली ती फाइल आहे. विद्यापीठाच्या प्रतीत जोडपत्रे नाहीत, त्यामुळे ‘सोबत तक्ता पाहावा’ असे वाचाल तेव्हा तो तक्ता तिथे मिळणार नाही. जोडपत्रांसह असलेली निराळी आवृत्तीही आहे, ती शोधा. आणि बाधित कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून काही संदेश नंतर वगळले गेले आहेत.

संदेश-क्रमांकांवर विसंबू नका. त्यांच्या शेवटी ‘जावामेल’ आणि एका संगणकाचे नाव दिसते, याचा अर्थ ते क्रमांक रूपांतराच्या वेळी यंत्राने दिलेले आहेत, मूळ पत्राचे नाहीत. पाठवणारा, दिनांक, विषय आणि मजकूर हे चारही तंतोतंत जुळले तर ती एकच नोंद धरा, मात्र ती कोणाकोणाच्या पेटीत सापडली हे टिपून ठेवा, कारण कोणी काय वाचले हे तुम्हाला त्यातूनच सांगता येईल. वेळ शीर्षभागात पॅसिफिक घड्याळाची आहे. उन्हाळ्यात त्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मिळवा, म्हणजे भारतीय वेळ मिळेल. मुंबईत सकाळी घडलेल्या गोष्टीची बातमी तिकडे ‘आदल्या दिवशी’ पोहोचते ती यामुळे.

चेनी यांच्याविषयीचा संदेश एन्रॉनच्या पेटीतला नाहीच. तो सरकारी अधिकाऱ्यांमधील पत्रव्यवहार होता आणि तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागणी केल्यावर बाहेर आला. दाभोळसाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या पुढाकाराने अनेक खात्यांचा एक कार्यगट चालत होता, तेही त्याच सुमारास उघड झाले. म्हणून प्रत्येक कागदाची ‘वाट’ लिहून ठेवा, म्हणजे तो नियामक आयोगाकडून आला, संसदीय समितीकडून, दिवाळखोरी न्यायालयाकडून, फौजदारी खटल्यातून, की माहितीच्या अर्जातून. वाट कळली की काय शोधायचे तेही कळते.

प्रतिसाद २

वकिली करतो, त्यामुळे कागदाच्या वजनाबद्दल लिहितो.

न्यायालयात दाखल झालेला प्रत्येक कागद पुरावा नसतो, ही गोष्ट वृत्तपत्रे विसरतात. वादपत्र हे एका बाजूचे म्हणणे, कैफियत हे दुसऱ्या बाजूचे. जो कागद शाबीत होऊन त्यावर निशाणी क्रमांक पडतो आणि ज्याबाबत साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकते, त्याचे मोल वेगळे. आणि न्यायाधीशाने त्यावरून काढलेला निष्कर्ष ही तिसरीच पायरी.

आपल्याच प्रकरणात याचे उदाहरण आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावून करार फसवणुकीने झाल्याचे म्हटले. पुढे फेरवाटाघाटी झाल्या, १९९६ मध्ये सुधारित करार झाला आणि ते आरोप शाबीत करण्याची वेळच आली नाही. आता तुमच्या टिपणात ‘सरकारने न्यायालयात फसवणूक सिद्ध केली’ असे लिहिले तर ते खोटे, आणि ‘फसवणुकीचा आरोप कधी झालाच नाही’ असे लिहिले तर तेही खोटे. ‘राज्य सरकारने स्वतःच्या दाव्यात असा आरोप केला आणि तो तपासला जाण्यापूर्वी तडजोड झाली’, हे वाक्य कागदाला धरून आहे.

ह्यूस्टनच्या खटल्याबाबतही जपून लिहा. २००६ मध्ये ज्युरीने एन्रॉनचे माजी प्रमुख केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग यांना दोषी ठरवले, पण तो खटला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा होता, दाभोळचा नव्हता. ले यांचे त्याच वर्षी जुलैमध्ये, शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी निधन झाले आणि त्यांच्याविरुद्धचा निर्णय न्यायालयाने रद्दबातल केला. स्किलिंग यांना २४ वर्षांची शिक्षा झाली, ती २०१३ मध्ये १४ वर्षांवर आली. ईमेलचे म्हणाल तर तो शपथेवर दिलेला जबाब नव्हे. अमुक तारखेला अमुक माणसाने असे लिहिले, एवढेच त्यातून घ्या. लिहिले ते खरे होते का, हा वेगळा प्रश्न.

माणसांच्या खाजगी गोष्टींबद्दल तुमचा नियम मला योग्य वाटतो. त्यात एकच भर घालतो : हुद्दाही इतका नेमका देऊ नका की त्यावरून माणूस ओळखू यावा.

प्रतिसाद ३

वीज मंडळाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो आहे. तुम्ही ह्यूस्टनच्या पेट्यांत जे शोधता आहात ते बरेचसे इथल्या कपाटांत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. मंडळ २००५ मध्ये विभागले गेले, त्यामुळे वीजखरेदीच्या कागदांसाठी महावितरणपासून सुरुवात करा. कागद दुसऱ्या प्राधिकरणाकडे असतील तर कलम ६(३) खाली अर्ज तिकडे वर्ग करण्याची जबाबदारी त्यांची आहे, तुमची नाही. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे केले तर कलम ८(३) दाखवा. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षे उलटलेल्या घटनांची माहिती, देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे सोडले, तर द्यावी लागते. ‘दाभोळची सर्व कागदपत्रे’ असे मात्र मागू नका. ‘अमुक वर्षातील अमुक महिन्यांची देयके आणि त्यांवरील मंडळाचे आक्षेप’ असे नेमके मागा, नाहीतर ‘माहिती विस्कळीत आहे’ असे उत्तर येते आणि सहा महिने जातात.

माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा एप्रिल २००१ चा अहवाल वाचला नसेल तर आधी तो वाचा. दर कसा ठरला आणि मंडळावर बोजा कसा आला, हे आमच्यासारख्यांना रोज दिसत होते, पण ते सलग मांडलेले मी प्रथम तिथे पाहिले.

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. चार महिने मी चुकीच्या ठिकाणी योग्य प्रश्न विचारत होतो, हे आता कळले. प्रत्येक नोंदीसमोर ‘कागदाची वाट’ आणि ‘कागदाचा दर्जा’ असे दोन रकाने आज घातले आणि पहिल्या साठ नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांतील एकतीस नुसत्या वृत्तपत्रीय बातम्या निघाल्या, त्या मी वेगळ्या काढल्या आहेत. घड्याळाचा हिशेब केल्यावर आदल्या तारखेची ती बातमीही जागेवर बसली.

गोडबोले समितीचा अहवाल माझ्याकडे आहे. माहितीच्या अधिकाराचा पहिला अर्ज १९९९ आणि २००० च्या देयकांसाठी करतो आहे, उत्तर आले की इथे लिहीन.

एक विनंती राहते. १९९५ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांच्या उपसमितीने या प्रकल्पाचा आढावा घेतला होता. त्या अहवालाची छापील प्रत, मराठी असो वा इंग्रजी, कोणाकडे असल्यास किंवा कोणत्या ग्रंथालयात प्रत्यक्ष पाहिली असल्यास कृपया कळवावे. मी येऊन, तिथे बसून, हाताने उतरवून घ्यायला तयार आहे.