शिकारीत टर्की पक्ष्याचा नर ८० यार्डांवर अडतो, पुढे येत नाही. मदत हवी आहे

रानवेडा
नर पहाटे झाडावरून ओरडतो, माझ्या कॉलला (मी काढलेल्या मादीच्या आवाजाला) उत्तरही देतो. खाली उतरला की चिडीचूप. काल तर ८० यार्डांवर पिसारा फुलवून उभा राहिला, पण पुढे यायचं नाव नाही. बॉक्स कॉल, स्लेट, तोंडातला डायफ्रॅम, आवाज काढायची सगळी साधनं वापरून झाली. काय करू? लवकर सांगा, शनिवारी परत जायचंय.

भटका
राज्य कोणतं? सोबत माद्या होत्या का? डिकॉय (नकली टर्की) लावला होतास? काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय कुंडली मांडायची?

रानवेडा
पेनसिल्व्हेनिया, अजून कुठलं! माद्या होत्या चार-पाच.

डॅलसकर
पहाटेचा नाद सोड, दुपारी चारनंतर जा. आमच्याकडे रिओ ग्रँड जातीच्या टर्की हमखास तेव्हाच येतात.

भटका
काका, ते टेक्सासात. पेनसिल्व्हेनियात सीझनच्या पहिल्या भागात दुपारी १२ पर्यंतच परवानगी असते. आणि तिथली टर्की ईस्टर्न जातीची.

बिनधास्त_बंड्या
सोपंय. ओरडतोय तिकडे गुपचूप रांगत जायचं.

भटका
बंड्या, तिथे वसंतात दबकत माग काढणं बेकायदा आहे, फक्त कॉल देऊन बोलवायचं. आणि ज्याला तू नर समजतोस तो झाडाला पाठ लावून बसलेला दुसरा शिकारी असला तर? म्हणून तर लाल, पांढरं, निळं काही घालत नाहीत. नराच्या डोक्याचे रंग तेच.

माईंचा_डबा
छातीचं मांस पटकन शिजतं, तंगड्या मात्र चिवट. आलं-लसूण लावून ठेवा आणि सरळ कुकरला लावा.

अहिंसक
मुका जीव मारून काय मिळतं? आपल्याकडे १९७२ पासून कायदा आहे.

डॅलसकर
अहो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टर्की संपतच आल्या होत्या. रानातून पकडून दुसऱ्या राज्यांत सोडल्या तेव्हा वाढल्या. बंदुका-काडतुसांवर १९३७ पासून जो कर आहे, तो वन्यजीवांसाठीच जातो.

नवा_गडी
मी एच१बीवर आहे. मला बंदूक बाळगता येते का?

भटका
एरवी नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण आधी वकिलाला विचार. शिवाय पहिल्यांदाच परवाना काढताना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागेल.

रानवेडा
अरे, माझ्या प्रश्नाचं काय??

भटका
माद्या सोबत असताना तो तुझ्याकडे कशाला येईल? साडेनऊ-दहानंतर त्या अंडी घालायला घरट्याकडे सटकतात, मग तो एकटा पडतो. तोवर जागा सोडू नकोस. आणि सारखे कॉल देऊ नकोस. एरवी मादी नराकडे जाते, म्हणून तो उभा राहून वाट बघतो. मध्येच गप्प बस, हाताने वाळकी पानं खरवड, मादी चरतेय असं वाटू दे. ४० यार्डांच्या आत आल्याशिवाय ट्रिगरला बोट नाही.

रानवेडा
बरं. पण पलीकडच्या उतारावरून तो दुसरा माणूसही कॉल देत होता, त्याचं काय?

भटका
दुसरा माणूस?! हे आत्ता सांगतोस? आधी कोण आलं होतं?

रानवेडा
गाडी त्याची आधी उभी होती. पण नर मी हेरलाय, मार्चपासून.

डॅलसकर
मग तो नर त्या दिवशी त्याचा. मध्ये घुसायचं नाही, दुसरा डोंगर धरायचा.

बिनधास्त_बंड्या
हेरलाय ना त्याने? मग त्याचाच.

भटका
स्टेट गेम लँड आहे ते, शिकारीसाठीचं सरकारी रान. सातबारा नाही कुणाच्या नावावर.